खाचरातला मिथेन मोजताना: एका पावसाळ्याच्या नोंदी

२ मे

शीळफाट्याच्या पुढे आत्याची एकाखाली एक अशी दोन खाचरं आहेत, प्रत्येकी साधारण दीड गुंठ्याची. तिन्ही बाजूंना गोदामं उभी राहिली, ही दोन टिकली आहेत. यंदाच्या पावसाळ्यात या मातीतून मिथेन, म्हणजे पृथ्वी तापवणारा वायू, किती निघतो आणि तो कशाने वाढतो-घटतो हे मोजायचं ठरवलंय. मी कळव्याला राहते, कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. सुटीचे दिवस आणि सकाळचे दोन तास एवढाच वेळ हाताशी आहे.

हे का करायचं, ते एकदाच लिहिते. १९९०च्या सुमारास भारतातल्या भातशेतीतून वर्षाला ३७ दशलक्ष टनांहून जास्त मिथेन निघतो असा परदेशी अंदाज होता. १९९१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने देशभरच्या शेतांत प्रत्यक्ष मोजणी झाली आणि आकडा सुमारे ४ दशलक्ष टनांवर आला. शेतात उतरून मोजलं नसतं तर आपल्या शेतकऱ्यांच्या नावावर नऊपट धूर लिहिला गेला असता. ही गोष्ट वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेली नाही.

पहिला खर्च वाया गेला. १८० रुपयांचा एमक्यू-४ सेन्सर घेतला. तो गॅसगळतीचा इशारा देण्यासाठी असतो आणि काही शे पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) पुढेच नीट बोलतो. उघड्या हवेत मिथेन सुमारे १.९ पीपीएम असतो आणि खाचरावर बंद डबा पालथा ठेवला तर आत अर्ध्या तासात पाच-दहा पीपीएम चढेल. तिथे एमक्यू-४ आंधळा आहे. टीजीएस २६११ हा दुसरा मिथेन सेन्सर मागवला, १,४५० रुपये.

१८ मे

डबा, म्हणजे चेंबर, तयार झालं. ४० बाय ४० सेंटिमीटर, उंची ६०, पारदर्शक ॲक्रिलिक. वर रोप वाढल्यावर जोडायला ४० सेंटिमीटरचा वेगळा भाग. दोन्ही मिळून ८,१०० रुपये. आत हवा ढवळायला संगणकातला छोटा पंखा, तापमान आणि आर्द्रतेचा वेगळा सेन्सर, आकडे नोंदवायला ईएसपी-३२ हा छोटा संगणक-बोर्ड.

चेंबर ज्यात बसतं त्या चौकटी पत्र्याच्या कारागिराकडून करून घेतल्या, चार नग, ३,६०० रुपये. चौकटीला वरून खोबण असते, तिच्यात पाणी भरलं की हवा अडते.

आज खाचरात जाऊन चौकटीची जागा पाहिली. दादाने एप्रिलमध्येच उन्हाळी नांगरट केली आहे. मागच्या वर्षीची धसकटं उलटी होऊन उन्हात वाळलीत, भुगा झालाय. हे लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल. पावसाआधी महिनाभर कोरड्या, हवेशीर मातीत कुजलेली काडी आणि चिखलणीच्या आठवड्यात गाडलेली ताजी काडी यांत मिथेनच्या दृष्टीने फार अंतर आहे. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत लागवडीआधी ३० दिवसांच्या आत मिसळलेल्या पेंढ्याचं मिथेन वाढवण्यातलं वजन १ धरलंय, ३० दिवसांहून आधी मिसळलेल्याचं ०.२९, हिरवळीच्या खताचं ०.५०, शेणखताचं ०.१४, कंपोस्टचं ०.०५. त्यामुळे बांधावरचं गिरिपुष्प कापून थेट चिखलात घालायचं की आधी कुजवायचं, याला अर्थ आहे. आत्याला हे सांगितलं. ती म्हणाली, "बाय, पाला कुजवाया वेल कुनाला हाय? पानी आलं का लावनी."

७ जून

घरी सोसायटीच्या गच्चीवर तीन टब मांडले. पहिल्यात आत्याच्या खाचरातली माती. दुसऱ्यात तीच माती आणि बोटभर लांबीचे तुकडे केलेला ताजा पेंढा. तिसऱ्यात उरणच्या बाजूची खार जमिनीची माती, ओळखीच्या एका कुटुंबाने दोन गोणी दिल्या. तिन्हींच्या तळाला नळ बसवलाय. टब, पाइप, नळ मिळून १,५०० रुपये.

टबांसाठी चेंबर म्हणून २० लिटरच्या पाण्याच्या जारचा बूड कापून घेतला. रोप उंच झालं की दोन जार जोडावे लागतील.

२० जून

दाढ, म्हणजे भाताची रोपवाटिका, हिरवी झाली. वाण जया, निमगरवा (मध्यम मुदतीचा). सेन्सर आठवडाभर अखंड चालू ठेवून तापवला, कारण नवा टीजीएस पहिले काही दिवस आपलाच आधार (मूळ आकडा) बदलत राहतो. पॉवर बँक दोनदा आपोआप बंद पडली आणि दोन दिवसांची नोंद गेली. आता मोटारसायकलची जुनी १२ व्होल्टची बॅटरी वापरते.

८ जुलै

लावणी झाली. दादाने आणि वहिनीने रोपांच्या मुठी टाकल्या, मी आणि भाची लावायला. भाची अकरावीत आहे, पुढच्या सगळ्या मोजणीत घड्याळ तिच्या हातात.

चौकटी आजच चिखलात दाबल्या, दोन वरच्या खाचरात, दोन खालच्या. चौकट तिरकी बसली तर खोबणीतलं पाणी एका बाजूने वाहून जातं आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. गवंड्याची पाणसळ घेऊन गेले होते तरी चिखल बसल्यावर एक चौकट दोन दिवसांत कलली. खाली विटेचे तुकडे घातले तेव्हा स्थिर झाली. चौकट लावणीच्या दिवशीच बसवा. नंतर बसवाल तर मुळं तुटतात.

१५ जुलै

पहिली मोजणी. वरच्या खाचरात चेंबर ठेवलं आणि पहिल्या मिनिटातच आकडा सहा पीपीएमने उडाला, मग सपाट झाला. दुसऱ्यांदाही तेच.

भाचीने कारण पकडलं. चेंबर ठेवायला मी चौकटीच्या शेजारी चिखलात उभी राहते. माझा पाय रुतला की चौकटीत बुडबुडे येतात. चिखलात गॅस साठलेला असतो, वजन पडलं की तो एकदम सुटतो. भाताच्या शेतात बहुतेक मिथेन रोपाच्या आतल्या पोकळ हवानळ्यांतून वर जातो, बुडबुडे हा दुसरा रस्ता. मी पायाने तो दुसरा रस्ता उघडत होते.

दादाने बांधापासून चौकटीपर्यंत दोन बांबू आणि त्यांवर फळी टाकून दिली, फळीचे पाय चौकटीपासून हातभर लांब. दुसरी चूकही इथेच सुधारली: चेंबर खोबणीत दाबताना आतली हवा दाबली जाते आणि तोही दाब बुडबुडे काढतो. आता वरचं बूच उघडं ठेवून चेंबर बसवते, अर्ध्या मिनिटाने बूच लावते.

२७ जुलै

हा दिवस मी विसरणार नाही. गेल्या दोन आठवड्यांत अकरा मोजण्या झाल्या होत्या. प्रत्येकीत रेष छान सरळ चढत होती, दर मिनिटाला पाव पीपीएमच्या आसपास. सगळ्या चौकटींत जवळजवळ सारखाच चढ. वेगळ्या पाण्याच्या, वेगळ्या सावलीच्या जागा आणि तरीही सारखाच आकडा, हे खटकत होतं.

रात्री घरी कपडे धुवायच्या टबात नळाचं पाणी भरलं. माती नाही, रोप नाही. त्यावर चेंबर ठेवलं. अर्ध्या तासात "मिथेन" आठ पीपीएमने वाढला.

आर्द्रता. बंद चेंबरमध्ये दहा मिनिटांत ती ७५ टक्क्यांवरून ९८ वर जाते आणि टीजीएससारखा धातूच्या ऑक्साइडचा सेन्सर पाण्याच्या वाफेलाही प्रतिसाद देतो. मी दोन आठवडे वाफ मोजत होते. अकराच्या अकरा मोजण्या वहीत लाल शाईने खोडल्या. झोप लागली नाही. जुलैतले हे दिवस परत येणार नाहीत आणि पाणी साचल्यानंतर पहिला मिथेन कधी निघू लागला हे यंदा मला कळणार नाही.

जे कोणी हे करणार आहे त्याने शेतात जाण्याआधी साध्या पाण्याच्या टबावर चेंबर ठेवून पाहावं. अर्धा तास लागतो.

३१ जुलै

तीन रात्री दुरुस्तीत गेल्या. माशांच्या टाकीचा छोटा पंप (२६० रुपये) चेंबरमधली हवा खेचतो, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या नळीतून नेतो, सेन्सरच्या बंद डबीतून फिरवून परत चेंबरमध्ये सोडतो. सेन्सरजवळची आर्द्रता आता २० ते २५ टक्क्यांत राहते. तोच नळाच्या पाण्याचा टब, तोच अर्धा तास: अर्ध्या पीपीएमच्या आत हालचाल. हे चालेल.

कोकणच्या जुलैत सिलिका जेल तीन मोजण्यांत भरून जातं. रंग बदलला की रात्री जुन्या कढईत मंद आचेवर भाजून घेते. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेत नाही.

४ ऑगस्ट

मातीतला ऑक्सिजन संपल्यावर तिथले सूक्ष्मजीव क्रमाने नायट्रेट, मँगनीज, लोह, सल्फेट वापरतात आणि हे संपत आलं की मग मिथेन. माती या शिडीवर कुठवर उतरली हे रेडॉक्स विभवावरून समजतं. साधारण उणे १५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं की मिथेन जोमाने निघतो.

तयार इलेक्ट्रोड परवडेना. जांभळी नाक्याजवळच्या एका सोनाराकडून प्लॅटिनमच्या तारेचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे घेतले, ६०० रुपयांचे. तांब्याच्या तारेला जोडून सांधा इपॉक्सीने बंद केला. संदर्भ इलेक्ट्रोड मात्र विकतचा, चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा, २,४०० रुपये.

लावणीनंतर दहाव्या दिवशी उणे १८० वाचलं होतं आणि मी वहीत "मिथेनची पातळी गाठली" असं लिहून मोकळी झाले होते. आज लक्षात आलं की संदर्भ इलेक्ट्रोडचे सुमारे २०० मिलिव्होल्ट त्यात मिळवायचे असतात. म्हणजे तेव्हा माती अधिक २० वर होती, लोहाच्या पायरीवर. आज वाचलं उणे ३७०, म्हणजे खरं उणे १७०.

आत्याने हे मीटरशिवाय पाहिलं होतं. जुलैच्या शेवटी ती म्हणाली होती, "पान्यावं तांबरट साय आलीय." पाण्यावर तेलासारखा नारिंगी तवंग होता. चिखलात विरघळलेलं लोह वर येऊन हवेला लागलं की असा तवंग धरतो. आपल्या तांबूस मातीत लोह भरपूर, म्हणून ती या पायरीवर जास्त दिवस थांबते आणि मिथेन उशिरा सुरू होतो. पुढच्या वर्षी मी तवंगाची तारीख लिहिणार आहे.

९ ऑगस्ट

सेन्सरचा आकडा खरा की खोटा हे पडताळायला एका खासगी प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) २४ नमुने दिले, प्रत्येकी ५५० रुपये. चेंबरमधून शून्य, दहा, वीस आणि तीस मिनिटांना सिरिंजने हवा काढायची, तिच्या तोंडाचा थ्री-वे (तीन वाटांची तोटी) बंद करायचा, रबरी बूच असलेल्या व्हायलमध्ये (छोट्या बाटलीत) भरायची.

२४ पैकी नऊ निकाल उघड्या हवेएवढे आले. चूक माझीच. १२ मिलिलिटरच्या व्हायलमध्ये १० मिलिलिटर हवा भरली होती. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, तीन दिवस वाटेत, त्यामुळे बाहेरची हवा आत शिरली. निर्वात केलेल्या १२ च्या व्हायलमध्ये १५ मिलिलिटर भरायला हवी होती. आत दाब जास्त असला की गळती झालीच तर बाहेरच्या बाजूला होते आणि प्रमाण बिघडत नाही. बूचही दोनदा टोचायचं नाही. नऊ नमुन्यांचे ४,९५० रुपये गेले.

उरलेल्या पंधरा नमुन्यांशी सेन्सरची रेष जुळली. सेन्सर सातत्याने सुमारे आठवा हिस्सा जास्त दाखवतो. पुढच्या सगळ्या आकड्यांत ही वजावट केली आहे.

आजचा हिशोब उघडा करून ठेवते. चढ मिनिटाला ०.३१ पीपीएम. चौकटीत ५ सेंटिमीटर पाणी, म्हणजे हवेची उंची ०.५५ मीटर. ३० अंशांना एक पीपीएम म्हणजे घनमीटरला ०.६४ मिलिग्रॅम. ०.३१ गुणिले ०.६४ गुणिले ०.५५ गुणिले ६०: चौरस मीटरला तासाला साधारण ६.५ मिलिग्रॅम. हे खालच्या खाचराचं. वरच्याचं ५.८. पाण्याची उंची दर वेळी पट्टीने मोजा. मी सुरुवातीला ६० सेंटिमीटरच धरत होते.

१३ ऑगस्ट

वरचं खाचर सुकवायचं ठरलं. फुटवे पूर्ण फुटलेत, लोंबी पोटात धरायला अजून वेळ आहे. या टप्प्यावर माती चार-पाच दिवस श्वास घेऊ शकली तर पिकाला धोका नसतो. आत्याला पटत नव्हतं. "शेतान पानी नाय तं भात कसा व्हयाचा?" तिने सत्तर पावसाळे पाहिलेत, त्यात दुष्काळी सालंही आली, तिची भीती खरी आहे. म्हणून फक्त वरचं, आणि पातळी पाहायला नळी बसवायची असं ठरलं. ३० सेंटिमीटर लांबीचा पीव्हीसी पाइप, खालच्या अर्ध्या भागाला भोकं, अर्धा मातीत. आतला चिखल काढून टाकला की मातीतल्या पाण्याची पातळी दिसते. पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत गेली तरी मुळांना पाणी मिळतं. तिला नळीत बोट घालायला लावलं, पाणी बोटाला लागलं, तेव्हा ती तयार झाली.

युरियाचा हप्ता पुढे ढकलायला दादाला सांगितलं. खत टाकलेली माती ओली-सुकी झाली की नायट्रस ऑक्साइड निघतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. तो मोजायचं साधन माझ्याकडे नाही. मिथेन वाचवताना तो वाढवायचा नव्हता.

एक चूक झालीच. वरचं पाणी बांध फोडून सवयीप्रमाणे खालच्या खाचरात सोडलं. त्याबरोबर वरचं विरघळलेलं सगळं खाली गेलं, तुलनेची शुद्धता तिथेच कमी झाली. कडेने चर काढून पाणी बाहेर न्यायला हवं होतं.

१५ ऑगस्ट

कॉलेजातलं झेंडावंदन आटोपून थेट शेतात. वरच्या खाचरात पाणी उतरलंय, चिखलाला बारीक भेगा. मोजलं तर १४ मिलिग्रॅम, म्हणजे आधीच्या दुपटीहून जास्त. पोटात खड्डा पडला. पाणी काढल्याने मिथेन वाढला की काय?

तीन वेळा मोजलं, तीनही वेळा तेच. घरी येऊन विचार केला तेव्हा उमगलं: चिखलात आठवडेच्या आठवडे कोंडलेला गॅस भेगा पडल्यावर बाहेर पडतोय. हा नवा तयार झालेला मिथेन नाही.

१७ ऑगस्ट

वरच्या खाचरात ०.६ मिलिग्रॅम. रेडॉक्स अधिक १९०. नळीत पाणी जमिनीखाली ११ सेंटिमीटर. मी परवा मोजून थांबले असते तर उलटाच निष्कर्ष लिहून बसले असते. सुकवताना निदान पाच दिवस सलग मोजा.

२१ ऑगस्ट

पाऊस आला, खाचर भरलं. सुकवणी सात दिवसांची ठरवली होती, पाण्याविना पाचच मिळाले. उपसा सिंचनाच्या भागात शेतकरी पंप बंद करून माती सुकवतो. इथे पंप ढगांच्या हातात आहे. आपल्याकडे सुकवणी म्हणजे उघडीप दिसली की बांधाचं तोंड उघडायची तयारी ठेवणं, एवढंच.

२४ ऑगस्ट

खालच्या खाचरातलं पाणी दिवसाला चार सेंटिमीटर उतरतंय, पाऊस असून. आधी वाटलं चौकटीपाशी गळतंय. दादाने बांधावरून चालत पायाने चाचपलं आणि बीळ दाखवलं. चिंबोऱ्यांनी बांध पोखरलाय. दगड-चिखलाने बुजवलं, दुसऱ्या दिवशी शेजारी नवं बीळ. नीट बांध लिंपायला पूर्ण रविवार गेला. १८ ते २४ ऑगस्टचे खालचे आकडे "सतत पाण्याखाली" या रकान्यातून काढले.

३० ऑगस्ट, गच्चीवरचे टब

टबांबद्दल बरेच दिवस लिहिलं नव्हतं. दुपारी दोनला टबातल्या चिखलाचं तापमान ३७ अंश, त्याच दिवशी खाचरातलं २९. काळ्या प्लास्टिकचे टब, खाली तापलेली गच्ची. चिखल दहा अंशांनी तापला तर मिथेन दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढू शकतो. त्यामुळे टबाची तुलना शेताशी करताच येणार नाही, टबांची टबांशीच. गोणपाट ओलं करून गुंडाळलं, खाली विटा ठेवल्या, चार अंश उतरलं. हे जूनमध्येच करायला हवं होतं.

पेंढ्याचा टब पहिल्या टबाच्या तिपटीने मिथेन सोडतोय. अपेक्षित होतं, पण एवढ्या स्पष्टपणे डोळ्यांसमोर आल्यावर दादा स्वतःहून म्हणाला, "मशीनने कापलेल्या शेतातली काडी मे महिन्यातच गाडायला पायजे."

खार मातीच्या टबाने सगळ्यांत जास्त शिकवलं. जुलैभर आणि अर्धा ऑगस्ट त्यात मिथेन जवळजवळ शून्य. रेडॉक्स मात्र खाली गेलेलं, चिखल काळाकुट्ट आणि सडक्या अंड्याचा वास. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. खाडीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या मातीत सल्फेट वापरणारे जीव मिथेन करणाऱ्यांच्या तोंडचं अन्न आधी पळवतात. वासाबद्दल सोसायटीतून तक्रार आली, टब टाकीच्या मागे हलवला.

मग पावसाने ते धुतलं. दर चार दिवसांनी तळाचा नळ उघडून मी खारं पाणी काढत होते, शेतकरी खार जमिनीत पावसाचं पाणी साठवून क्षार धुतात तसंच. गेल्या आठवड्यापासून वास गेला आणि मिथेन सुरू झाला, आज पहिल्या टबाच्या निम्म्यावर. म्हणजे खार जमिनीत मिथेन निघत नाही हे विधान मी जुलैत केलं असतं तर ते ऑगस्टअखेर खोटं ठरलं असतं. बाहेरकाठा (खाडीकडचा बांध) फुटून भरतीचं पाणी परत आत आलं तर काय होईल, हे टबात पाहता येईल. यंदा वेळ नाही.

९ सप्टेंबर

गणपतीचे पाच दिवस मोजणी बंद होती. घरात पाहुणे होते. वरचं खाचर पुन्हा भरून एकोणीस दिवस झाले, आज ३.१. एकदा सुकलेल्या मातीला परत मिथेनच्या पायरीवर उतरायला इतके दिवस लागतात. सुकवणीचा फायदा त्या पाच दिवसांपुरता नाही, पुढच्या या दिवसांतही आहे. खालचं ८.८.

१४ सप्टेंबर

पीक पोटरीत आलं. दुसऱ्या सुकवणीचा विषय संपला. निसवण्याच्या आगे-मागे आठवडाभर पाणी हलवायचं नाही, नाहीतर पळींज (पोकळ दाणे) वाढेल.

आज पहाटेपासून खालच्या एकाच चौकटीवर दिवसभर बसलो. सहा वाजता ४.१, दहाला ६.९, दोनला १०.२, संध्याकाळी सहाला ७.४. पाच सेंटिमीटर खोलीवर चिखलाचं तापमान अनुक्रमे २६, २८, ३१, २९. दिवसाच्या सरासरीजवळ जाणारा आकडा सकाळी दहा वाजताचा.

आणि मग छातीत धस्स झालं. माझ्याकडे चेंबर एक. पूर्ण ऑगस्ट मी नऊ वाजता वरच्या खाचरात सुरू करून बाराच्या सुमारास खाली पोचत होते. ९ ऑगस्टचा ५.८ आणि ६.५ यांतला फरक मातीचा नाही, घड्याळाचा असू शकतो. तो मी मागे घेते. सुकवणीनंतरचा ०.६ आणि सप्टेंबरचा ३.१ विरुद्ध ८.८ हा फरक उन्हाने भरून निघण्याइतका लहान नाही, तो ठेवते. आजपासून एक दिवस वरून, एक दिवस खालून सुरुवात.

२८ सप्टेंबर

प्रयोगशाळेत बारा नमुने पुन्हा दिले, यावेळी जास्त दाबाने भरून. बाराही वापरता आले. सेन्सर आता आठव्याऐवजी सहाव्या हिश्शाने जास्त दाखवतोय. मधल्या तारखांना वजावट हळूहळू वाढवून लावली. रोपं उंच झाल्याने वरचा भाग जोडला. जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बसवते. पहिल्या दिवशी विसरले तेव्हा रेष वीस मिनिटांनी वाकली, गळतीची खूण तीच.

२२ ऑक्टोबर

कापणी. दोन्ही खाचरांचं भात वेगळं झोडून वेगळं तोललं, हे दादाने माझ्यासाठी केलं, नाहीतर एकत्रच पडतं. वरचं ५८ किलो, खालचं ६१. वरच्याच्या एका कोपऱ्यात उंदरांनी खाल्लं होतं. आत्याने दोन्ही ढिगांतलं मूठभर भात तळहातावर चोळून पाहिलं आणि म्हणाली, "दाना सारखाच हाय." पुढच्या वर्षी खालचंही द्यायला तयार आहे.

हंगामाची बेरीज मी मांडत नाही. जुलै खोडलेला आहे, रात्रीच्या मोजण्या नाहीत आणि खाचराला दोनच चौकटी होत्या, तीन तरी हव्यात.

खर्च: सेन्सर, बोर्ड, पंखा, पंप, सिलिका जेल ३,३००. चेंबर ८,१००. चौकटी ३,६००. इलेक्ट्रोड ३,०००. प्रयोगशाळा १९,८००. टब वगैरे १,५००. व्हायल, सिरिंज, थ्री-वे १,४००. एकूण ४०,७०० रुपये, पेट्रोल सोडून. नमुने पहिल्यांदाच नीट भरले असते आणि एमक्यू-४ घेतला नसता तर पाच हजार वाचले असते.

शेवटची मोजणी आज दुपारी केली, कापलेल्या सुक्या खाचरावर. अर्धा तास, रेष सपाट. मग घरी येऊन नळाच्या पाण्याच्या टबावर, तीही सपाट. चेंबर धुऊन माळ्यावर ठेवलंय. शीळ, डायघर, कल्याण, पनवेल, जवळपास कुणाला पुढच्या पावसाळ्यात वापरायचं असेल तर मे महिन्याआधी सांगा, चौकटींसकट देईन. ट्यूबची पट्टी मात्र नवी घ्या, जुनी चिरली आहे.